लहान पुली

तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगवर मिरपूड भुरभुरावी तसे करडे ठिपके होते. भिंगाखाली धरला तेव्हा ते चकाकले. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीला चिकटलेलं ते ॲल्युमिनियम होतं, म्हणजे पिस्टनचाच चुरा. पहिल्या प्लगवर असेच दोन-चार ठिपके, दुसरा आणि चौथा स्वच्छ. चारही प्लग फडक्यावर ओळीने मांडले आणि समोरच्या पोराला बसायला स्टूल दिलं. पुढचं बोलणं त्याने उभ्याने ऐकू नये असं मला वाटलं.

ही २०१८ च्या एप्रिलमधली गोष्ट. माझं वर्कशॉप बसवकल्याणला, सोलापूर-हैदराबाद हायवेवर सस्तापूर बंगल्याच्या अलीकडे. आमच्याकडे गावाला नुसतं कल्याण म्हणतात. या रस्त्याच्या दोन्ही अंगांना पिढ्यान्‌पिढ्या ट्रकचीच कामं चालतात. कुणी बॉडी बांधतो, कुणी पाटे बसवतो, कुणी जुन्या गाड्या तोडून सुटे भाग विकतो. मी इंजिनं बांधतो. बोअर, हेड, रिंगा, बेअरिंग. गिऱ्हाईक उमरग्याचं असो, हुमनाबादचं असो की आळंदचं, नंबरप्लेट एमएच-२५ असो की केए-३८, बोलणं मराठीतच सुरू होतं. मध्येच कन्नड येतं, आणि काम अडलं की दखनी. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या जुन्या हैदराबाद राज्यातला. सरहद्द नंतर आली, पाने आणि शिव्या आधीपासून एकच होत्या.

गाडीची ताकद वाढवून मागणारी माणसं मला नवी नाहीत. फक्त ती मोटारवाली नव्हेत, उसवाली. नोव्हेंबर लागला की हुणजी, नारंजा, भूसनूर असे साखर कारखाने पेटतात आणि पंचेचाळीस-पन्नास हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लागतात. फडातून रस्त्यावर येताना चढ असतो, खाली काळी माती. ट्रॅक्टर अडला की मालक दुसऱ्या दिवशी दारात. "मामा, जरा पंप वाढवा." डिझेलच्या पंपावर जास्तीत जास्त किती डिझेल जायचं ते ठरवणारा एक स्क्रू असतो. कंपनी तो बसवून वर शिशाचं सील मारते. सील तोडा, स्क्रू अर्धा आटा फिरवा, ट्रॅक्टर अंगात आल्यासारखा ओढतो. एवढी स्वस्त ताकद दुसरी नाही, म्हणून तिची चटक लागते.

माझ्या वस्तादांनी हे काम मला पहिल्या वर्षी शिकवलं आणि नंतर दोन वर्षं करू दिलं नाही. ते फार बोलत नसत. ट्रॅक्टर लोडवर घेऊन ये म्हणत आणि स्वतः धुराच्या नळीकडे बघत उभे राहत. "बातां नक्को, धुआँ देख." काळा धूर म्हणजे जळायला हवा पुरली नाही, आणि उशिरापर्यंत जळत राहिलेल्या डिझेलची उष्णता पिस्टनच्या डोक्यावर बसणार. हलका करडा असेल तर ठीक, काळा झाला की स्क्रू परत. दोन वर्षांनी मला कळलं की ते मला स्क्रू फिरवायला शिकवत नव्हते, तो परत घ्यायला शिकवत होते. डिझेलचं एक बरं असतं, ते बोलतं. धूर मारतं, तापतं, आवाज बदलतं, मालकाला आठ-पंधरा दिवस सूचना देत राहतं. माझ्याकडे पिस्टन वितळून जितके ट्रॅक्टर आले त्यातल्या बहुतेकांच्या मालकांनी धूर पाहिलेला होता.

पेट्रोल असं बोलत नाही. हे मला या गाडीने शिकवलं, आणि जरा महागात शिकवलं.

पोरगा कल्याणचाच, कलबुर्गीला नोकरीला. त्याची आई माझ्या गावाकडची, त्यामुळे मी मामा. त्याने एक जुनी जर्मन गाडी घेतली होती, १.८ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, कंपनीतून सुमारे १६० हॉर्सपॉवरचं. बॉनेट उघडलं की पट्ट्यावर फिरणारा सुपरचार्जर दिसायचा. इकडे टर्बोच्या गाड्या रोज येतात. टर्बोला सायलेन्सरकडे जाणारा धूर फिरवतो. सुपरचार्जरला क्रँकच पट्ट्याने फिरवतो. ॲक्सिलरेटर दाबला की वाट बघणं नाही, ताकद लगेच पायाखाली. आणि आवाज! पिठाच्या गिरणीत पट्टा पळतो तसा बारीक, चढत जाणारा. आमच्या गल्लीतली पोरं त्या आवाजासाठी बाहेर यायची.

माझे आजोबा लोहार होते. तो सुपरचार्जर, आमच्या भाषेत ब्लोअर, पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला त्यांचा भाताच आठवला. पुढे वाचनात आलं की ते तितकंसं चुकीचं नव्हतं. रूट्स नावाच्या दोन अमेरिकन भावांनी १८६० साली या यंत्राचं पेटंट घेतलं आणि ते आधी लोखंडाच्या भट्ट्यांना हवा पुरवायला वापरलं गेलं; मोटारीत ते फार नंतर आलं. दोन रोटर एकमेकांत गुंतून फिरतात, एकमेकांना शिवत नाहीत, आणि हवा ढकलत राहतात. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं. भाता जोरात ओढला की निखारा पांढरा होतो, हे आजोबांनीही सांगितलं असतं. लोखंड जास्त वेळ ठेवलं तर जळून ठिणग्या होतात, हेही.

पोराने त्या आधीच्या दिवाळीत एका मोठ्या शहरात गाडी नेऊन ब्लोअरची पुली बदलून घेतली होती. मूळची ६५ मिलिमीटरची होती, नवी ५७ ची. आठ मिलिमीटरचा फरक, तळहातावर ठेवली तर दोन्ही पुल्या सारख्याच वाटाव्यात इतका. पण क्रँकची पुली १५० ची. जुन्या हिशेबाने इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर असताना ब्लोअर १३,८०० च्या आसपास फिरत होता, नव्याने १५,८००. या जातीच्या ब्लोअरची मर्यादा साधारण १४,००० धरतात. सोबत गाडीच्या कंप्युटरचा मॅपही, म्हणजे पेट्रोल किती आणि ठिणगी कधी याचा हिशेबही, बदलून दिला होता. पोराला एक कागद मिळाला होता, त्यावर एक वर चढणारी रेघ आणि १९२ हॉर्सपॉवर हा आकडा. तो कागद त्याने प्लॅस्टिकच्या कव्हरात ठेवला होता.

मार्चमध्ये तो माझ्याकडे पहिल्यांदा आला तो वेगळ्याच तक्रारीने. वरच्या स्पीडला गाडी दम सोडते, आणि कधी कधी पट्टा किंचाळतो. मी पट्टा पाहिला. त्याच्या धारा चकचकीत झाल्या होत्या, काच फासावी तशा. पुली लहान झाली की पट्ट्याची पकड कमी होते आणि ओढ मात्र वाढते. तो जोरावर घसरत होता. टेन्शनरची स्प्रिंगही मऊ झालेली. मी दोन्ही नवीन घातले. गाडी हायवेवर काढली, हुमनाबादच्या बाजूला मोकळा पट्टा मिळाला तिथे दाबली, आणि खरं सांगतो, मलाही आनंद झाला. कुठेही दम तुटत नव्हता. पोरगा शेजारी बसून हसत होता. मी त्याच्याकडून पट्ट्याचे आणि टेन्शनरचेच पैसे घेतले, मजुरी घेतली नाही, भाच्याची गाडी म्हणून.

पाच आठवड्यांनी ती गाडी टेम्पोला बांधून आली.

त्या संध्याकाळी प्लग पाहिल्यावर हेड उतरवलं, ऑइल पॅन काढलं, तिसरा पिस्टन बाहेर घेतला. वरच्या आणि दुसऱ्या रिंगेच्या मधली जी पट्टी असते ती सुपारी कातरावी तशी एका बाजूने तुटलेली. सिलिंडरच्या भिंतीवर बोट फिरवलं, नखाला उभी रेघ लागली. हे नॉकिंगचं काम. ठिणगी पडल्यावर पेट्रोल एका टोकाकडून दुसरीकडे जळत जायला हवं. तापमान नि दाब हाताबाहेर गेले की उरलेलं मिश्रण एकदम भडकतं. पिस्टनवर हातोडा बसावा तसा दणका, मिनिटाला शेकडो वेळा. धूर नाही, वाफ नाही. काचा वर, एसी चालू, गाणी चालू, तर आवाजही नाही. गाडीत नॉक सेन्सर असतो, तो आवाज ओळखून ठिणगी मागे घेतो. पण तोही मर्यादेपर्यंतच, आणि मॅप लिहिणाऱ्याने ती मर्यादाही हलवलेली असेल तर तो बिचारा काय करणार.

दोन दिवस मी गाडीला हात लावला नाही. पिस्टन टेबलावर ठेवला होता, येता-जाता बघत होतो. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी हीच पुली, हाच मॅप, गाडी चालली. मग एप्रिलमध्येच का?

उन्हाळा हे अर्धं उत्तर. कलबुर्गीत एप्रिलात ४२ अंश नवल नाही. रूट्स जातीचा ब्लोअर हवा दाबताना तिला फार तापवतो. मी वहीत हिशेब केला: ४२ अंशांची हवा अर्ध्या बारने दाबली की ब्लोअरमधून बाहेर पडताना ती ११५ अंशांच्या आसपास असते. दाब ०.७ बारवर नेला तर १४५ कडे. गरम हवा विरळ असते, त्यामुळे ती थंड केली नाही तर या वाढीव दाबातून सिलिंडरमध्ये खरी हवा जेमतेम पाच-सहा टक्के जास्त जाते. गेजवर दिसतो तो दाब, आणि त्या दाबात बरीचशी नुसती उष्णताच असते. वर ब्लोअर फिरवायला लागणारी ताकद क्रँकचीच. आधी तो पंधरा-एक हॉर्सपॉवर खात होता, लहान पुलीवर वीस-पंचवीस. ती प्लॅस्टिकच्या कव्हरातल्या कागदावर कुठेच नव्हती.

म्हणून तर इंटरकूलर असतो. या गाडीत तो पाण्याचा होता: गरम हवा पाण्याच्या जाळीतून जाते, आणि ते पाणी पुढच्या छोट्या रेडिएटरमध्ये थंड होऊन परत येतं. ते फिरवायला मुठीएवढा विजेचा पंप. तिसऱ्या दिवशी मी त्या पंपाला बाहेरून बॅटरी लावली. फिरला नाही. खोलला, आतली पंखडी गंजून घट्ट बसलेली. कधी बंद पडला कोण जाणे. डॅशबोर्डवर त्याचा दिवा नाही. हिवाळ्यात खपून गेलं.

पेट्रोलचंही होतं. टाकीच्या झाकणावर ९५ ऑक्टेन लिहिलेलं, आणि आपल्या पंपांवर तेव्हा साधं मिळायचं ते ९१. कंपनीने थोडी सूट धरलेली असते, म्हणून मूळच्या अवस्थेत गाडी चालून गेली असती. ती सूट पुलीने आधीच खाल्ली होती. शिवाय इंजेक्टर जुनेच. वरच्या स्पीडला ते जवळजवळ पूर्ण वेळ उघडे राहत होते, त्याहून जास्त पेट्रोल देणं त्यांना शक्यच नव्हतं. पूर्ण जोरावर एका भाग पेट्रोलला साडेअकरा-बारा भाग हवा असली तर पेट्रोलच पिस्टनला थोडं थंड ठेवतं. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं, की ते थंडावणंही गेलं.

एवढं सगळं वहीत लिहून झाल्यावर मला उरलेलं अर्धं उत्तर दिसलं, आणि मी वही मिटली.

पट्टा. मार्चपर्यंत तो घसरत होता. वरच्या स्पीडला जिथे ब्लोअर १५,००० च्या पुढे जायचा, जिथे इंजेक्टर संपायचे, नेमका तिथे पट्टा सुटायचा आणि दाब खाली यायचा. गाडी दम सोडत होती तो तिचा जीव वाचवणारा दम होता. वायरमन ज्याला कच्ची तार म्हणतो, त्या फ्यूजचं काम तो पट्टा करत होता. मी ती तार बदलून जाड घातली, आणि वर ट्रायल घेऊन खूश झालो. तक्रार ऐकली आणि तक्रारच दुरुस्त केली. पट्टा का घसरतोय हे मला माहीत होतं, पुली लहान आहे हे दिसत होतं. पण तो घसरतोय म्हणून मागे काय काय टिकून आहे, हा प्रश्न मी विचारला नाही. ट्रॅक्टरवाल्याचा पंप वाढवण्याआधी मी त्याला दहा प्रश्न विचारतो. क्लच कधी टाकला, रेडिएटर कधी साफ केला, ट्रॉल्या किती, चढ कुठला. इथे पट्ट्याचा नंबर वाचून पार्टवाल्याला फोन केला, एवढंच.

हे मी पोराला सांगितलं. नसतं सांगितलं तर त्याला कळलं नसतं. त्याच्या दृष्टीने मी गाडी सुधारली होती आणि मग ती आपोआप बिघडली होती. तो बराच वेळ पिस्टनकडे बघत होता. मग म्हणाला, "मामा, म्हणजे तुम्ही पट्टा टाकला नसता तर?"

"तर जूनपर्यंत चालली असती. कदाचित पुढच्या एप्रिलपर्यंत. पंप बंदच होता."

"मग चूक कोणाची?"

मी म्हटलं, माझ्या वाट्याची मी घेतो. इंजिन बांधण्याची मजुरी घेणार नाही, पार्ट तुझे.

त्याने मग तो प्रश्न विचारला जो मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय. खोललंच आहे तर आता भक्कम पिस्टन टाकून २२० काढता येतील का? मी हसलो नाही. त्या वयात मीही विचारलं असतं. घडीव पिस्टन मिळतात, मोठे इंजेक्टर मिळतात, पेट्रोलपंप मिळतो. हे सगळं टाकलं की पुढची कडी येते. बेअरिंगवरचा भार, हेड गॅसकेट, क्लच, गिअरबॉक्स, मग ब्रेक. ट्रॅक्टरचंही असंच होतं. पंप वाढवला आणि पिस्टन टिकला तर क्राउन-पिनियनचे दात जातात, आणि ते काम पिस्टनच्या तिप्पट महाग. मी त्याला दोन आकडे लिहून दिले. एकात जुनी पुली परत आणि इंजिन मूळच्या मापात, दुसऱ्यात त्याला हवं ते सगळं. दुसऱ्या आकड्यात त्याने घेतली तशी दुसरी गाडी आली असती. मग विचारलं, "तू जातोस कुठे या गाडीने?" कल्याण ते कलबुर्गी. हुमनाबादला वळायचं, कमलापूरवरून खाली उतरायचं. आठवड्यातून एकदा, आईला भेटायला. उसाचे ट्रॅक्टर, बिनदिव्याच्या बैलगाड्या, लाल दगडाचे ट्रक. त्या रस्त्यावर १६० हॉर्सपॉवर पूर्ण दाबायला जागा किती मिळते, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

जुनी पुली त्याच्या घरी कपाटात होती. ती त्याने आणली.

सिलिंडर पुढच्या मापाला बोअर केले, चारही पिस्टन नवे घातले, कारण तीन जुने आणि एक नवा हा हिशेब मला कधीच पटला नाही. मूळचा मॅप परत टाकायला कलबुर्गीचा एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला. इंटरकूलरचा नवा पंप बसवला आणि त्याच्या तारेतून डॅशबोर्डखाली एक छोटा हिरवा दिवा घेतला. तारेत करंट चालू असेपर्यंतच तो लागतो, म्हणजे पंप अडून फ्यूज उडाला किंवा तार तुटली की विझतो. त्यासाठी एक रिले आणि पाऊण तास लागला. इंटरकूलरनंतरच्या नळीत हवेचं तापमान दाखवणारा एक काटाही बसवला. हे दोन्ही कुणी मागितलं नव्हतं. माझ्या हाताला ते केल्याशिवाय चैन पडत नव्हतं.

पुढच्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाचा निकाल आला: कंपनीने ज्या मापाची गाडी मंजूर करून घेतली त्यात मालकाने बदल करायचा नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधीपासून होतंच, पण आता चर्चा गल्लीत पोचली. मला त्यात विम्याची काळजी जास्त वाटते. पुली बदललेल्या गाडीला अपघात झाला आणि सर्व्हेअरने बॉनेट उघडलं, तर माणूस दवाखान्यात असताना घरच्यांनी कुणाशी भांडायचं?

आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येतं. ज्या उसाने माझे ट्रॅक्टर मोडले, काही अंशी त्याच उसाचं. त्याने ऑक्टेन वाढतं, नॉकिंगला ते बरं. पण तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त ओतावं लागतं, म्हणजे इंजेक्टर आधीच संपलेले असतील तर गाडी पुन्हा त्याच काठावर. ताकद वाढवून घेतलेल्या गाडीचा मालक आला की आता मी आधी इंजेक्टर किती वेळ उघडे राहतात ते स्कॅनरवर बघतो, मग इंटरकूलरच्या नळीला हात लावतो, पंप फिरतो का ते बोटाला कळतं. पट्टा घसरत असेल तर त्याला शेवटपर्यंत शिवत नाही.

ती ५७ ची पुली माझ्या खणात आहे. दोन-तीन जणांनी विकत मागितली. दिली नाही.

पोरगा अजून ती गाडी चालवतो. मागच्या एप्रिलात दुपारी त्याचा फोन आला. कमलापूरच्या चढावर थांबलो होतो म्हणाला, मागे घामाघूम ट्रकांची रांग.

"मामा, काटा ६१ दाखवतोय."

"दिवा?"

"हिरवा आहे."

"चढ संपल्यावर किती होतो ते बघ आणि सांग."

चार-पाच मिनिटं फोन चालूच राहिला. ब्लोअरचा तो बारीक आवाज ऐकू येत होता, मध्येच एका ट्रकचा हॉर्न.

"५४. ५३."

"ये," मी म्हटलं. "आई जेवायला थांबली असेल."